चिनी सिनेमा पाहून चीनवर लिहिणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

दिवाळी अंकासाठी लिहिलेला तुझा लेख दोनदा वाचला. सिनेमावर लिहितोस तेव्हा तुझा हात मोकळा चालतो. 'रेझ द रेड लँटर्न'मधलं ते करड्या विटांचं आवार, चौकटीत चौकट बसवल्यासारखे दरवाजे, मालकाचा चेहरा एकदाही नीट न दाखवण्याची युक्ती, हे सगळं तू नेमकं टिपलंस. पहिली चार पानं संपादकांनी डोळे मिटून छापावीत. पाचव्या पानावर मात्र 'चिनी कुटुंबात स्त्रीचं स्थान हे असं असतं' असं वाक्य येतं. सहाव्यावर 'चिनी माणूस मुळातच सोशिक' आणि शेवटी 'चीनचा आत्मा खेड्यात आहे'. हे सगळं तीन सिनेमांच्या भरवशावर! तिन्ही परदेशी महोत्सवांत गाजलेले, तिन्ही झांग यीमौ या दिग्दर्शकाचे आणि तिन्हींत गोंग लीच नायिका. म्हणजे खरं तर तू एका माणसाची नजर आणि एका बाईचा चेहरा पाहिलास.

फोनवर मी हे म्हणालो तेव्हा तू शितावरून भाताची परीक्षा होतेच की, असं उत्तर दिलंस. होते ना. कारण पातेलं एक, आच एक, पाणी एक. एकशे चाळीस कोटींच्या देशाला तो न्याय लावता येत नाही. त्यातून हे शीत तुझ्या ताटात आपसूक पडलेलं नाही. ते कुणीतरी वेचून, वेगळं शिजवून वाढलेलं आहे. ते कुणी वेचलं आणि कसं शिजवलं, हे तुझ्या लेखात कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

तुला सगळ्यात आवडलेल्या सिनेमापासून सुरुवात करू. 'रेझ द रेड लँटर्न' १९९१चा. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला रौप्य सिंह हा पुरस्कार मिळाला. सू तोंग या लेखकाच्या दीर्घकथेवर तो बेतलेला आहे. आता तुझं पाचवं पान समोर ठेव. मालक ज्या बायकोकडे रात्र काढणार तिच्या अंगणात लाल कंदील लागतात, तिच्या तळपायांवर छोट्या हातोड्यांनी मालिश होते, त्या टकटकीचा आवाज सगळ्या वाड्यात घुमतो, आणि बायको मर्जीतून उतरली की कंदिलांवर काळी खोळ चढते. यावर तू दीड पान लिहिलंस आणि त्याला 'चिनी सरंजामी घराण्यांची प्रथा' म्हटलंस. मूळ कथेत कंदिलांचा हा विधी नाहीच. तो सिनेमासाठी रचला. कथा घडते दक्षिणेतल्या एका घरात, आणि तिथली भीती वसते ती मागच्या बागेतल्या विहिरीत. झांग यीमौने ती उचलून उत्तरेला, शान्शी प्रांतातल्या कोरड्या, विटांच्या वाड्यात नेली. विहीर गेली आणि तिच्या जागी गच्चीवरची कुलूपबंद खोली आली.

तो वाडा खरा आहे. पिंगयाव या जुन्या शहराच्या बाजूला, छ्याओ नावाच्या व्यापारी घराण्याचा. अठराव्या शतकात बांधायला घेतलेला, पुढे वाढत गेलेला. या घराण्याचे नियम प्रसिद्ध आहेत, आणि त्यांतला एक म्हणजे घरातल्या पुरुषाने उपस्त्री ठेवायची नाही! ज्या वाड्यात चार बायकांची ती जीवघेणी चढाओढ आपण पाहिली, तिथे मुळात दुसरी बायको आणायलाच बंदी होती. आज तिथे पर्यटकांची रीघ लागते आणि त्यांच्या स्वागताला लाल कंदील टांगलेले असतात. सिनेमाने रचलेली प्रथा वाड्यालाच चिकटली.

त्याच्या आदल्या वर्षीचा 'जू दोउ' अजून पाहिला नसशील. ऑस्करच्या परभाषी विभागात नामांकन मिळालेला तो चीनचा पहिला सिनेमा. त्यात रंगाऱ्याचा कारखाना आहे, उंच बांबूंवरून सोडलेले पिवळे-लाल कापडाचे पट्टे आहेत, हौदात कोसळणारं कापड आहे. ज्या कथेवरून तो केला तिच्यात रंगकामाचा हा धंदाच नाही. दिग्दर्शकाला रंग हवे होते, त्याने धंदा बदलला. यात गैर काही नाही. कलावंत हेच करतो. गैर होतं ते आपण तो रंग समाजशास्त्राच्या खात्यावर जमा करतो तेव्हा.

मग तुझ्या मनात येईल की हा सगळा परदेशी लोकांना भुलवायचा बनाव होता. असा आरोप चीनमध्येच झाला. दाई छिंग या पत्रकार बाईंनी 'रेड लँटर्न'वर फार तिखट लेख लिहिला होता: यातल्या रीती खोट्या, तपशील चुकलेले, सिनेमा बाहेरच्या हौशी प्रेक्षकाच्या सुखासाठी केलेला. आपल्याकडे हा सूर नवा नाही. १९८०मध्ये राज्यसभेच्या खासदार असलेल्या नर्गिसबाईंनी सत्यजित राय यांच्यावर भारताची गरिबी परदेशात विकल्याचा ठपका ठेवला होता, आणि आमच्या पिढीने त्यावरून चहाच्या किती कपांची थंड माती केली त्याचा हिशेब नाही. मला दाई छिंग नर्गिसबाईंपेक्षा जास्त पटतात, कारण त्यांनी तपशिलावर बोट ठेवलं, नुसतं देशाच्या अब्रूवर नाही. तरीही दोघींची मागणी एकच आहे: सिनेमाने देशाचा दाखला द्यावा. तूही तीच मागणी घेऊन बसलास. तुझं उत्तर 'दाखला खरा आहे' आणि त्यांचं 'दाखला खोटा आहे', एवढाच फरक.

आता हे सिनेमे करणारी मंडळी कोण होती ते बघ, कारण यातून तुझं 'आत्मा खेड्यात आहे' हे वाक्य सुटेल. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) शहरातल्या शिकलेल्या घरांतली पोरं खेड्यांत धाडली गेली. चेन कैगे युन्नानच्या रबरमळ्यात राबला. झांग यीमौ आधी शेतावर आणि मग कापडगिरणीत कामगार होता. १९७८ला बीजिंगच्या फिल्म अकादमीत पुन्हा प्रवेश सुरू झाले तेव्हा झांगचं वय बसत नव्हतं, मंत्र्याला पत्र लिहून त्याने जागा मिळवली. १९८२ला ही तुकडी बाहेर पडली. दोन वर्षांत 'यलो अर्थ' आला: दिग्दर्शन चेन कैगेचं, कॅमेरा झांग यीमौचा. पिवळ्या मातीचे डोंगर तीन चतुर्थांश पडदा खातात आणि माणूस वरच्या कडेला मुंगीएवढा दिसतो. त्यात खेडं आहे, पण ते नाइलाजाने तिथे जाऊन पडलेल्या, आणि तिथून परतलेल्या शहरी तरुणाच्या डोळ्यांतलं खेडं आहे. त्याला त्या मातीचं भय आहे, ओढ आहे आणि थोडी अपराधी भावनाही. शेतकऱ्याच्या पोराने कॅमेरा हातात घेतला असता तर आधी पावसाचं आणि खताचं बोलला असता. लिहायचंच तर हे लिही. 'चीनचा आत्मा' वगैरे सोड.

आणि हे सिनेमे आपल्यापर्यंत आले कसे? १९८८ला 'रेड सोरगम'ने बर्लिनचं सुवर्ण अस्वल घेतलं. १९९२ला 'द स्टोरी ऑफ चिउ जू'ने व्हेनिसचा सुवर्ण सिंह. १९९३ला 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन'ने कानचं सुवर्ण पाम, तेही 'द पियानो'बरोबर विभागून. पाच वर्षांत युरोपातल्या तिन्ही मोठ्या महोत्सवांचे मुख्य पुरस्कार. मध्ये १९८९च्या जूनमधली तिआनआनमेन चौकातली दडपशाही होऊन गेली होती आणि पश्चिमेला चीनबद्दल एक विशिष्ट भूक लागली होती: जुनी बंदिस्त घरं, निर्दय म्हातारे, तडफडणारी तरुण बाई. प्रेक्षकाने त्या म्हाताऱ्याच्या जागी बीजिंगमधले सत्ताधारी म्हातारे पाहिले. दिग्दर्शकाच्याही मनात ते असेल, नसेल, मी त्याची साक्ष काढायला जात नाही. पैसा कुठला तेही बघत जा. 'जू दोउ'त जपानी पैसा होता. 'रेड लँटर्न'ला तैवानचा, आणि होउ श्याओ-श्यन हा तैवानचा थोर दिग्दर्शक त्याचा कार्यकारी निर्माता. ऑस्करला तो हाँगकाँगच्या नावाने गेला. चीनमध्ये हे दोन्ही सिनेमे १९९२पर्यंत कुलपात होते. म्हणजे चिनी जीवनाचा आरसा म्हणून सगळं जग ज्यात बघत होतं, तो चिनी माणसाने तोवर पाहिलाच नव्हता.

आपण तर आणखी एक पायरी खाली बसतो. गोव्याचा इफ्फी, पुण्या-मुंबईचे महोत्सव, आमच्यासारख्या फिल्म सोसायट्या, सगळ्यांचं लक्ष बर्लिन-कान-व्हेनिसच्या याद्यांवर. तिथे चार युरोपीय निवडकर्त्यांना जे भावलं ते विक्रेत्याने उचललं, त्यातलं परवडणारं आपल्याकडे आलं. चीनकडे बघण्याची आपली खिडकी शेजारच्या भिंतीत नसून युरोपात आहे, हे विचित्रच. हिमालयाच्या पलीकडचं बघायला आपण आल्प्सला वळसा घालतो.

पोस्टरवरच्या 'चीनमध्ये बंदी' या शिक्क्याबद्दलही सांभाळून. तू 'टू लिव्ह'बद्दल लिहिताना तो अभिमानाने मिरवलास. १९९४ला कानमध्ये त्याला ग्रँड प्री मिळालं, गे योउ सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला आणि मायदेशी सिनेमाला परवानगी मिळाली नाही. खरं आहे. पण विक्रेत्यासाठी बंदी ही जाहिरात असते, आणि बंदी म्हणजे सत्याचं प्रमाणपत्र असं आपण मानून चालतो. बंदी एवढंच सांगते की कुठल्या तरी अधिकाऱ्याला काहीतरी खुपलं. उलट, ती ज्याच्यावर येते त्याच्यासाठी तो शिक्का नसतो, आयुष्यातली वर्षं असतात. 'द ब्लू काइट' केल्यावर तियान च्वांगच्वांगला पुढचा कथापट थेट २००२ला करता आला. हे लिहिताना आवाज थोडा खाली आण.

आता उलट बाजूने बघ. समजा शांघायमधल्या तुझ्याच वयाच्या एका पोराने 'कोर्ट' पाहिला. व्हेनिसला २०१४मध्ये पुरस्कार मिळालेला, तेव्हा त्याच्या यादीत तो असणारच. त्यातली सरकारी वकील बाई आठव: लोकलने घरी येते, स्वयंपाक करते, टीव्ही बघते, सुटीला सहकुटुंब नाटकाला जाते. नाटकात परप्रांतीयाला हाकलून देणारा प्रसंग येतो आणि सगळं सभागृह टाळ्या पिटतं. त्या पोराने लिहिलं, 'मराठी माणूस सुटीच्या दिवशी परप्रांतीयांवर हसायला नाट्यगृहात जातो.' तू चिडशील. खोटं आहे म्हणून नाही! तसं नाटक आपण पाहिलंय, तशा टाळ्या ऐकल्यात. तू चिडशील कारण तुला बाकीचं माहीत आहे. त्याच नाट्यगृहात दुसऱ्या दिवशी काय लागतं, त्या बाईसारखीच तुझी मावशी तिसऱ्या दिवशी काय करते, हे तुझ्याजवळ आहे आणि त्याच्याजवळ नाही. 'कोर्ट' प्रामाणिकच आहे. उणीव आहे ती त्या प्रेक्षकाच्या गाठोड्यात. चिनी सिनेमासमोर तू तसाच रिकाम्या गाठोड्याने बसतोस.

(जाता जाता: आपल्या आजी-आजोबांचा चीन तर मुंबईतच उभा केलेला होता. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ला तिथेच वारले, आणि १९४६ला व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. चिनी बायकोच्या भूमिकेत जयश्रीबाई! त्या सिनेमाचं मोल मी नाकारत नाही. पण घराघरांत 'चिनी बाई अशी बोलते' हे त्यातून ठरलं.)

मग सिनेमातून काहीच कळत नाही का? भरपूर कळतं. फक्त जिथे दिग्दर्शक बोट दाखवून 'इथे बघ' म्हणतो तिथे कमी, आणि तो दुसरीकडे बघत असताना चौकटीच्या कडेला जास्त. 'चिउ जू' तू नुसता उरकलास, कारण त्यात कंदील नाहीत. मला विचारशील तर तो झांगचा सगळ्यात भरीव सिनेमा. सरपंचाने नवऱ्याला नको तिथे लाथ घातली म्हणून गरोदर चिउ जू वाळल्या मिरच्या विकून प्रवासखर्च काढते आणि तालुका, जिल्हा, शहर करत दाद मागत फिरते. बरेचसे प्रसंग बाजारात कॅमेरे लपवून टिपलेत. त्यामुळे गर्दीतली माणसं नट नाहीत. त्यांना माहीतच नाही की आपण सिनेमात आहोत. शेन्शी प्रांतातला (शान्शी वेगळा, हा त्याच्या शेजारचा) तो बाजार बघ, कोण कोणाला कशी वाट देतं बघ, भिंतीवरची कॅलेंडरं आणि नटनट्यांची चित्रं बघ. आणि १ ऑक्टोबर १९९०पासून चीनमध्ये नागरिकाला सरकारी कार्यालयाविरुद्ध कोर्टात जाण्याचा कायदा लागू झाला होता, हे डोक्यात ठेवून पुन्हा बघ. सिनेमातले अधिकारी सभ्य आहेत, म्हणून परदेशात काहींना तो सरकारी वाटला. शेवटी बाळंतपणाच्या रात्री तोच सरपंच तिला इस्पितळात पोहोचवतो, आणि नंतर क्ष-किरण अहवालात नवऱ्याची फासळी मोडलेली निघते म्हणून पोलीस त्याला पंधरा दिवसांसाठी उचलून नेतात. चिउ जू गाडीमागे धावते. तिला हे नको होतं. यातून 'चिनी माणूस सोशिक' निघतं का सांग. निघते ती एक हट्टी बाई, आणि गावचा शेजार नि सरकारचा कायदा यांची न जुळणारी मापं. सातबाऱ्यावरून भांडलेल्या कुठल्याही गावात हे कळेल.

याहून पुढे जायचं तर दिग्दर्शक जिया झांगके. तो 'रेड लँटर्न'च्या वाड्याच्या शान्शीचाच, पण फेनयांग या साध्या तालुक्याच्या गावचा. त्याच्या चीनमध्ये वाडे नाहीत. कॅसेटची दुकानं, कराओके, धुळीने भरलेले बसथांबे, बेकार पोरं. त्याचा 'स्टिल लाइफ' २००६ला व्हेनिसमध्ये सुवर्ण सिंह घेऊन गेला. यांगत्सेवरच्या तीन घळींच्या धरणासाठी बारा-तेरा लाख माणसं हलवली गेली. त्या पाण्याखाली जाणाऱ्या फेंगज्ये या प्राचीन गावात शान्शीचा एक खाणकामगार सोळा वर्षांपूर्वी सोडून गेलेली बायको शोधत येतो. ही भूमिका करणारा हान सानमिंग दिग्दर्शकाचा नातेवाईक आणि खरोखर खाणीत काम केलेला. भिंतींवर रंगाने लिहिलेलं असतं: पाणी इथवर येणार, १५६.५ मीटर. त्या खाली उरलेल्या इमारती मजूर हातोड्यांनी फोडत असतात. आपल्याकडच्या कोयना-उजनीच्या माणसाला यातलं अर्धं सबटायटलशिवाय कळेल.

एक प्रसंग सांगतो. इमारती फोडणारे मजूर रात्री गप्पा मारत बसलेत. एकजण दहा युआनची नोट काढतो: ही बघ आमची घळ, नोटेवर छापलीय. सानमिंग पन्नासची काढतो: हा आमच्याकडचा पीत नदीचा धबधबा. एवढंच. पुढे तो नदीकाठी उभा राहून नोट समोर धरतो, नोटेतला डोंगर आणि समोरचा डोंगर ताडून बघतो. देश नोटेवर जसा छापलाय आणि माणसाला जसा राहायला मिळतो, ते दोन्ही एकाच हातात. आणखी एक पोरगा आहे, हाँगकाँगच्या गुंडपटांतल्या चाऊ युन-फॅटची नक्कल करत सिगारेट शिलगावणारा. युरोपातल्या समीक्षकांनी त्या सिनेमात अवशेष पाहिले, काळाची करुणा पाहिली, आणि ते आहेच. मला त्या पोराने जास्त सांगितलं. अमिताभची नक्कल करणारी पोरं पाहिल्याशिवाय आपलं ऐंशीचं दशक कळेल का? चिनी माणूस स्वतः कुठला सिनेमा बघून मोठा झाला, हे त्या एका सिगारेटीत आहे.

म्हणून माझी खरी गळ ही: चिनी लोकांनी काय पाहिलं ते बघ. २०२१च्या फेब्रुवारीत आलेल्या 'हाय, मॉम' नावाच्या सिनेमाने तिथे पाच अब्ज चाळीस कोटी युआन कमावले. जिया लिंग ही विनोदी नटी त्याची दिग्दर्शक आणि नायिकाही. आई अपघातात सापडते आणि मुलगी थेट १९८१मध्ये, आईच्या तरुणपणी, तिच्या कारखान्यात जाऊन पडते. कारखान्यातला पहिला टीव्ही कोण मिळवतं यावर खटपटी, बायकांचा व्हॉलीबॉलचा सामना, आईसाठी चांगलं स्थळ बघायची मुलीची धडपड. बर्लिनला हा सिनेमा कुणी विचारणार नाही. सिनेमा म्हणून मलाही मध्ये मध्ये गोडमिट्ट वाटतो. पण सांस्कृतिक क्रांतीच्या ज्या काळाकडे परदेशी पडद्याने फक्त जखम म्हणून पाहिलं, त्याच्या लगेच नंतरच्या कारखान्याच्या आवाराची तिथल्या लोकांना अशी हळवी आठवण येते, ही बातमी तुला 'टू लिव्ह' देणार नाही. २०२५चा 'नेझा २' तर पंधरा अब्ज युआनच्या पुढे गेला, आणि त्यातला बहुतेक गल्ला घरचा. १९९०च्या जनगणनेत चीनमध्ये शंभरातली सव्वीस माणसं शहरात होती; २०२०ला चौसष्टच्या घरात. तुझं खेडं तोवर बस पकडून गेलं.

'डाइंग टू सर्व्हाइव्ह' तर तुला पाहावाच लागेल, कारण त्यात आपण आहोत. २०१८चा, तीन अब्ज युआनचा धंदा केलेला. रक्ताच्या कर्करोगावरचं स्वित्झर्लंडचं औषध परवडत नाही म्हणून भारतातून स्वस्त औषध चोरून आणणाऱ्या दुकानदाराची गोष्ट, लू योंग या खऱ्या रुग्णाच्या प्रकरणावरून घेतलेली. सिनेमा इतका गाजला की तेव्हाचे पंतप्रधान ली कछ्यांग यांनी औषधांच्या किमती उतरवण्याबद्दल बोलताना त्याचा उल्लेख केला. आता त्यातला भारत कसा आहे? नायक सुरुवातीला 'भारतीय तेल' विकतो, कसलं ते तू सिनेमात बघ. पुढे तो औषधासाठी इकडे येतो तर गल्लीत डासांची धूरफवारणी चाललेली, आणि त्या धुरातून देवतांच्या प्रचंड मूर्ती मिरवत येतात. प्रसंग सुंदर आहे. चिनी प्रेक्षक हेलावला. मी मात्र खुर्चीत जरा चुळबुळलो. आपली औषधं बनवणारी कंपनी म्हणजे पांढरे कोट, तपासणी, कागदपत्रं, आणि पडद्यावर धूर आणि देव. हा आपला 'लाल कंदील'. आणि 'दंगल'ने भारतापेक्षा चीनमध्ये जास्त पैसे मिळवले, तेव्हा हरयाणातल्या एका बापाकडे बघून तिकडे 'भारतीय वडील' या विषयावर किती जणांनी तुझ्यासारखीच सहावी पानं लिहिली असतील, कल्पना कर.

आणखी एक: ली रुईजुनचा 'रिटर्न टू डस्ट'. गान्सू प्रांतातला, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या गावाकडचा. नायक होऊन जो नांगरतो तो खरा शेतकरी आहे, दिग्दर्शकाच्या घरातलाच. घरच्यांना जड झालेल्या दोघांचं लग्न लावून देतात आणि ते गाढवाच्या साथीने मातीच्या विटा पाडून घर बांधतात. नवरा गव्हाचे दाणे बायकोच्या हातावर दाबून फुलाची खूण उठवतो. २०२२ला बर्लिनच्या स्पर्धेत होता, बक्षीस नाही मिळालं. चीनमध्ये मात्र तरुणांनी मोबाइलवर तुकडे फिरवून फिरवून त्याला दहा कोटी युआनच्या वर नेलं. काहीजण ओरडले की परदेशी लोकांना गरिबी विकली, आणि सप्टेंबरमध्ये तो तिथल्या ऑनलाइन मंचांवरून गायब झाला. शहरी तिकिटवाल्याला गान्सूचं खेडं तुझ्याइतकंच लांबचं होतं, हे यातलं मला सगळ्यात रंजक वाटलं. 'परदेशी नजर' हा प्रकार देशाच्या आतही असतो. दादरला बसून गडचिरोलीबद्दल बोलणारे आपल्याला काय कमी ठाऊक आहेत?

तर लेखाचं असं कर. पाचवं आणि सहावं पान काढ. 'चिनी समाज', 'चिनी स्त्री', 'चिनी मन' हे शब्द जिथे जिथे आलेत तिथे सिनेमाचं नाव, प्रांत आणि साल घाल. अर्धी वाक्यं आपोआप खरी होतील आणि उरलेली तूच खोडशील. कंदिलांचा विधी ठेव, पण तो कुणी आणि कशासाठी रचला असावा यावर लिही. तिथे तुझं डोकं छान चालेल, कारण विधी खोटा असूनही बायकांची आपसातली झुंज खरी का वाटते, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. सू तोंगची कथा इंग्रजीत मिळते, ती आधी वाच. 'चिउ जू'ला दोन पानं दे. 'हाय, मॉम' आणि 'डाइंग टू सर्व्हाइव्ह' पाहून झाल्यावरच शेवट लिही, आणि शेवटात चीनबद्दल काही ठरवू नकोस. सबटायटलवर विसंबताना एवढं लक्षात असू दे की 'स्टिल लाइफ'मधल्या शान्शीच्या माणसाला तिथल्या मजुरांची बोली नीट कळत नाही, आणि खालच्या इंग्रजी ओळीत मात्र सगळे एकाच सुरात बोलतात.

संपादकांशी बोललो. लेख दहा दिवस उशिरा येईल म्हटल्यावर थोडे कुरकुरले, मग म्हणाले, येऊ द्या, जाहिराती तरी अजून कुठे आल्यात.

तुझा,
काका